‘घाणेरड्या’ मासिकाचा संपादक

बचत गटाच्या बैठकीला गेलं की एक गोष्ट नेहमी होते. हप्ते, सह्या, अंगठे, चहा सगळं उरकतं, बायका उठायला लागतात आणि एखादी मागे रेंगाळते. पदर तोंडाशी धरून हळूच विचारते. अंगावरून जातंय, चौथ्यांदा दिवस राहिलेत, नवरा ऐकत नाही. कळंब तालुक्यातल्या एका गावात तर विचारणारी बाई आधी उठून दाराला कडी लावून आली. अशा वेळी मला हमखास र. धों. कर्वे आठवतात.

बी. ए. करताना महर्षी कर्वे आम्हाला अभ्यासाला होते. त्यांचा मोठा मुलगा मात्र कुणी शिकवला नाही!

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, मुरूडचा. आपलं लातूरचं मुरूड नव्हे, कोकणातलं दापोलीजवळचं. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. पुढे १८९३ मध्ये वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि गावानं त्यांना वाळीत टाकलं. बाळंतपण म्हणजे काय आणि समाजाचा राग म्हणजे काय, हे दोन्ही या मुलानं लहानपणीच घरात पाहिलं. हुशार इतका की १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला. पुढे गणिताचा प्राध्यापक झाला, त्याच विषयाच्या अभ्यासासाठी पॅरिसला जाऊन आला. सरळ चाललं असतं तर बंगला बांधून, पेन्शन घेऊन सुखात राहिला असता.

पण १९२१ मध्ये कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. आपल्या देशातलं हे पहिलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी असं केंद्र काढलं तेही त्याच वर्षी, म्हणजे आपण मागे नव्हतो बरं का! मुलं किती आणि कधी व्हावीत हे माणसाला ठरवता येतं, त्यासाठी साधनं आहेत, हे ते उघडपणे सांगू लागले. तेव्हा ते विल्सन कॉलेजात शिकवत होते. मिशनऱ्यांच्या त्या कॉलेजला हे कसं चालणार? राजीनामा द्यावा लागला आणि कायमच्या पगाराला ते मुकले.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. लेखक तेच, संपादक तेच, बहुतेक मजकूर त्यांच्याच हातचा. ‘शारदेची पत्रे’ नावाचं सदर होतं, त्यातली शारदाही तेच! संततिनियमन, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, आहार, धर्माच्या नावावर चालणारी थोतांडं, काही म्हणून वर्ज्य नव्हतं. बाईलाही शरीरसुखाची इच्छा असते आणि ते मिळण्याचा तिला पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांनी त्या काळात मराठीत छापलं. आजही आपण हे वाक्य चारचौघींत बोलू का, सांगा बरं!

अंकावर विवस्त्र स्त्रीचं चित्र असे. शरीर ही लाजायची वस्तू नाही असं त्यांचं म्हणणं. खरं सांगू? मला हे पूर्ण पटत नाही. लाजायचं नाही तर मग चित्र बाईचंच का? पण त्या चित्रामुळे लोकांना सोपं झालं. घाणेरडं मासिक, असा शिक्का मारला की आत काय लिहिलंय ते वाचायची गरज उरत नाही. आत तर वाचकांच्या प्रश्नांना शास्त्राच्या आधारानं दिलेली साधी उत्तरं असत. दाराला कडी लावून विचारायचे तेच प्रश्न.

१९३१ मध्ये ‘व्यभिचाराचे प्रश्न’ या लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. शंभर रुपये दंड. तेव्हाचे शंभर रुपये, ते पण पगार नसलेल्या माणसाला. वरच्या कोर्टातही काही उपयोग झाला नाही. १९३४ मध्ये पुन्हा खटला, या वेळी वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून. हस्तमैथुन, समलिंगी संबंध असे प्रश्न होते. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गोलमेज परिषदा गाजवून आलेला माणूस, हाताशी केवढी कामं, आणि केस कुठली घेतली बघा. लोक लैंगिक शंका विचारत असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर द्यायलाच हवं, त्यात विकृती नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कोर्टाला तो पटला नाही, कर्वे हरले, दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षानं मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तोही फेटाळला गेला. गांधीजींचा तर कृत्रिम साधनांना विरोधच होता, संयम हाच उपाय असं ते म्हणत. कर्व्यांनी त्यांच्यावरही टीका करायला कमी केलं नाही. त्यामुळे दोन्हीकडचे लोक दूर राहिले.

या सगळ्यात मालतीबाईंचं नाव कुणी फारसं घेत नाही. कर्व्यांच्या पत्नी. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. मूल नसलेल्या बाईला ओटी भरताना कसं वगळतात ते आपण सगळ्या जाणतो. मालतीबाईंनी शंभर वर्षांपूर्वी काय काय ऐकून घेतलं असेल! नवऱ्याच्या कामात त्या सोबत होत्या, घरी पैशाची ओढाताण कायमची. मला वाटतं, कर्वे तत्त्वाला जागले, त्यातलं निम्मं श्रेय यांचं.

आणि एक गोष्ट मला फार मोठी वाटते. शस्त्रक्रिया कर्व्यांनी स्वतःची करून घेतली, बायकोची नाही. आज काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांमध्ये स्त्रीचं ऑपरेशन झालेल्या ३७.९ टक्के, पुरुषाचं झालेले ०.३ टक्के. आमच्याकडे नवऱ्याचा विषय काढला की सासूच म्हणते, त्याला उसाला जायचंय, ताकद गेली तर? अहो, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरते ती कोण? कळंबच्या त्या बाईबरोबर आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी नवऱ्याला समजावलं, पुरुषाचं ऑपरेशन सोपं असतं, पोट उघडावं लागत नाही. तो मान डोलवत राहिला. ऑपरेशन शेवटी तिचंच झालं.

कर्व्यांच्या कामातून पुढे आलेल्या एक म्हणजे शकुंतला परांजपे, रँग्लर परांजप्यांची मुलगी, सई परांजपेंची आई. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये लिहिता लिहिता त्या या कामात पडल्या, पुढे राज्यसभेपर्यंत गेल्या. अमोल पालेकरांनी २००१ मध्ये कर्व्यांवर ‘ध्यासपर्व’ चित्रपट काढला, किशोर कदम आणि सीमा बिस्वास त्यात आहेत. मिळाला तर जरूर बघा, आणि नवऱ्याला शेजारी बसवून बघा.

सरकारनं कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला १९५२ मध्ये. कर्वे तेव्हाही मासिक काढतच होते. सव्वीस वर्षं तोट्याची, शिव्याशापांची, पण अंक निघत राहिले. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले. महर्षी तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते, मुलानंतर आणखी नऊ वर्षं जगले, त्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं. मुलाच्या मासिकाचा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा, तो त्याच्या मागे निघाला.