विश्लेषण : पेरूला खंडविजेता करणारे प्रशिक्षक मार्कोस काल्देरॉन कोण होते? त्यांच्या विमान अपघाताचे सत्य 19 वर्षे का दडले?

दक्षिण अमेरिकेतील फुटबॉल म्हटले की ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे हीच नावे समोर येतात. पण 1975मध्ये या तिघांना मागे टाकून पेरूने ‘कोपा अमेरिका’ जिंकली. त्या संघाचे प्रशिक्षक मार्कोस काल्देरॉन होते. तीनच वर्षांनी विश्वचषकातील सर्वांत संशयास्पद पराभव त्यांच्या नावावर जमा झाला आणि 8 डिसेंबर 1987 रोजी एका विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

बचावपटू ते प्रशिक्षक...

काल्देरॉन यांचा जन्म 1928 साली लिमा येथे झाला. खेळाडू म्हणून ते बचावफळीत खेळले. मात्र त्यांची खरी ओळख मैदानाबाहेरील बाकावर झाली. वयाच्या तिशीतच, 1958मध्ये, त्यांनी कयाओ या बंदरातील ‘स्पोर्ट बॉईज’ क्लबला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. पुढे लिमातील ‘युनिव्हर्सितारियो’ क्लबने त्यांच्या मार्गदर्शनाखाली 1964, 1966 आणि 1967मध्ये विजेतेपद पटकावले. 1979 आणि 1980मध्ये ‘स्पोर्टिंग क्रिस्टल’ची पाळी आली. 1984मध्ये ‘स्पोर्ट बॉईज’ पुन्हा विजेते झाले, तेव्हाही प्रशिक्षक काल्देरॉनच होते. एकाच क्लबला 26 वर्षांच्या अंतराने दोनदा विजेता करणे सोपे नसते. खेळाडूंच्या दोन पिढ्या आणि खेळाच्या बदललेल्या पद्धती, दोन्हींशी त्यांनी जुळवून घेतले होते.

1975ची ‘कोपा अमेरिका’ कशी जिंकली?

त्या वर्षी स्पर्धेला एक यजमान देश नव्हता. सामने दोन्ही संघांच्या मैदानांवर खेळवले गेले. गटात चिली आणि बोलिव्हियाला मागे टाकून पेरूने उपांत्य फेरी गाठली. तिथे गाठ ब्राझीलशी होती. बेलो होरिझोन्ते येथील पहिल्या सामन्यात पेरूने ब्राझीलला त्यांच्याच घरात 3-1 असे हरवले. कासारेत्तोने दोन आणि तेओफिलो कुबियासने एक गोल केला. ब्राझीलने तेव्हा प्रामुख्याने मिनास जेराइस प्रांतातील क्लबांचे खेळाडू उतरवले होते हे खरे, तरीही हा निकाल खंडाला हादरवणारा होता.

लिमातील परतीचा सामना ब्राझीलने 2-0 असा जिंकला. दोन्ही सामने मिळून 3-3 अशी बरोबरी झाली. मग चिठ्ठ्या टाकण्यात आल्या आणि नशिबाने पेरूला साथ दिली.

अंतिम फेरीत कोलंबियाने बोगोटात 1-0 असा, तर पेरूने लिमात 2-0 असा विजय मिळवला. त्या काळच्या नियमानुसार तिसरा सामना तटस्थ ठिकाणी, म्हणजे व्हेनेझुएलातील काराकास येथे 28 ऑक्टोबरला झाला. बार्सिलोनाकडून खेळणारा उगो सोतिल युरोपातून या सामन्यासाठी आला आणि सामन्यातील एकमेव गोल त्यानेच केला. 1939नंतरचे पेरूचे हे दुसरे खंडीय विजेतेपद. तिसरे अद्याप मिळालेले नाही.

1978च्या ‘त्या’ सामन्यात काय घडले?

अर्जेंटिनातील विश्वचषकात पेरूची सुरुवात झोकात झाली. स्कॉटलंडवर 3-1 आणि इराणवर 4-1 असे विजय, तर नेदरलँड्सशी गोलशून्य बरोबरी. तोच नेदरलँड्सचा संघ पुढे अंतिम फेरीत खेळला, पण गटात पहिला क्रमांक पेरूचा होता. दुसऱ्या साखळी फेरीत मात्र ब्राझील आणि पोलंडकडून पराभव झाल्याने पेरूचे आव्हान संपले.

शेवटचा सामना 21 जून रोजी रोसारियो येथे अर्जेंटिनाशी होता. ब्राझीलचा अखेरचा सामना त्याआधीच संपला होता. त्यामुळे अंतिम फेरीसाठी किमान चार गोलच्या फरकाने जिंकावे लागेल हे अर्जेंटिनाला आधीच ठाऊक होते. सुरुवातीला पेरूच्या मुन्यान्तेचा फटका गोलखांबावर आदळला. मध्यंतराला अर्जेंटिना 2-0 असा पुढे होता, शेवटी निकाल लागला 6-0.

अर्जेंटिनात तेव्हा लष्करी राजवट होती. सामन्याआधी हुकूमशहा होर्हे व्हिदेला पेरूच्या ड्रेसिंग रूममध्ये आल्याचे काही खेळाडूंनी नंतर सांगितले. गोलरक्षक रामोन किरोगाचा जन्म रोसारियोचाच असल्याने त्याच्याकडेही बोट दाखवले गेले. सामना ‘विकला’ गेल्याचे आरोप अनेकदा झाले, पण ते सिद्ध झाले नाहीत. स्पर्धेतून आधीच बाहेर पडलेला, खचलेला संघ आणि सर्वस्व पणाला लावलेला यजमान, हेही त्या निकालाचे एक स्पष्टीकरण आहे. मात्र संशयाची सावली काल्देरॉन यांच्या संघावरून कधीच पूर्णपणे हटली नाही. 1986पासून विश्वचषकात गटातील शेवटचे सामने एकाच वेळी खेळवले जातात. त्यामागे 1982मधील पश्चिम जर्मनी-ऑस्ट्रिया लढत हे तात्कालिक कारण होते, पण रोसारियोनेही तोच धोका आधी दाखवून दिला होता.

8 डिसेंबर 1987च्या रात्री काय झाले?

काल्देरॉन तेव्हा ‘अलियान्सा लिमा’चे प्रशिक्षक होते. 1978नंतर या क्लबला विजेतेपद मिळाले नव्हते. यंदा मात्र तरुण संघ गुणतालिकेत अव्वल होता. पुकाल्पा येथे 1-0 असा विजय मिळवून संघ पेरूच्या नौदलाच्या फोकर एफ-27 विमानाने परतत होता. लिमाजवळ आल्यावर विमानाची चाके नीट खाली आली आहेत की नाहीत, याबद्दल वैमानिकाला शंका आली. खालून पाहून खात्री करता यावी म्हणून विमान नियंत्रण मनोऱ्याजवळून नेण्यात आले. चाके खाली दिसत असल्याचे मनोऱ्याने कळवले. पुन्हा उतरण्यासाठी वळसा घेताना विमान व्हेंतानियाजवळ समुद्रात कोसळले. विमानातील 44 जणांपैकी फक्त वैमानिक वाचला. काल्देरॉन 59 वर्षांचे होते.

सत्य दडवले का गेले?

नौदलाने चौकशी अहवाल गोपनीय ठेवला. माहितीच नसल्याने अफवांचे पीक आले आणि मृतांचे नातेवाईक उत्तरांविना राहिले. 2006मध्ये पेरूतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने अहवाल उजेडात आणला. विमानाची सदोष यांत्रिक स्थिती आणि वैमानिकाचा रात्रीच्या उड्डाणाचा अपुरा अनुभव या बाबी त्यातून समोर आल्या. ज्या त्रुटी उड्डाणापूर्वीच रोखता आल्या असत्या, त्या कळायला 19 वर्षे लागली.

क्लबचे पुढे काय झाले?

हंगाम पूर्ण करण्यासाठी ‘अलियान्सा’ने युवा संघातील मुलांना मैदानात उतरवले. निवृत्त झालेले कुबियास क्लबसाठी पुन्हा बूट बांधून आले, तर चिलीच्या ‘कोलो-कोलो’ क्लबने आपले चार खेळाडू उसने दिले. त्या वर्षीचे विजेतेपद मात्र ‘युनिव्हर्सितारियो’कडे गेले, म्हणजे ज्या क्लबला काल्देरॉन यांनी तीनदा विजेता केले होते त्याच्याकडे. ‘अलियान्सा’ला पुढच्या विजेतेपदासाठी 1997पर्यंत वाट पाहावी लागली.