ग्रेस हॉपर : संगणकाला स्वतःचं काम स्वतः करायला शिकवणाऱ्या बाई



संगणकावर एखाद्या चिन्हावर आपण डबल क्लिक करतो आणि क्षणात प्रोग्राम सुरू होतो. डिस्कवर निपचित पडलेली ती फाईल एकाएकी कामाला कशी लागते? वर्गात मुलं हा प्रश्न विचारतात आणि आपण बहुतेक वेळा "ते संगणकाचं काम आहे" म्हणून पुढे जातो. पण हे काम एके काळी माणसंच करायची. वहीत बघून, हातानं, बेरजा करत. ते काम यंत्राकडे सोपवता येईल हे ज्यांनी सुरुवातीलाच करून दाखवलं, त्यांच्यातलं एक मोठं नाव म्हणजे ग्रेस हॉपर. त्या मुळात गणिताच्या शिक्षिका होत्या, हे आपल्यासाठी विशेष.

बालपण आणि शिक्षण

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तीन भावंडांत त्या थोरल्या. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ आत कसं चालतं हे बघायला त्यांनी ते उघडलं. ते परत जुळेना, म्हणून दुसरं उघडलं. असं करता करता घरातली सात घड्याळं सुटी झाली! आईनं त्यांना घड्याळं उघडायची बंदी केली नाही. फक्त यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे, एवढी मर्यादा घातली. पालकांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा.

व्हॅसार कॉलेजच्या प्रवेशाला पहिल्या वर्षी लॅटिनमध्ये गुण कमी पडले. एक वर्ष थांबून त्यांनी प्रवेश मिळवला आणि १९२८ मध्ये गणित व भौतिकशास्त्रात पदवी घेतली. १९३० मध्ये येल विद्यापीठातून एम. ए. आणि १९३४ मध्ये गणितात पीएच. डी. केली. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. पुढे ते टिकलं नाही, पण आडनाव हॉपरच राहिलं.

१९३१ पासून त्या व्हॅसारमध्ये गणित शिकवू लागल्या. मुलींना गणितातल्या सूत्रावर निबंध लिहायला लावायच्या आणि भाषेच्या चुकाही तपासायच्या. हा भाषेचा तास नाही, अशी मुली कुरकुर करत. पण आपल्याला समजलेलं दुसऱ्याला समजावता येत नसेल तर त्या गणिताचा उपयोग काय, असं बाईंचं म्हणणं असे.

नौदल आणि पहिला संगणक

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात जायचं ठरवलं. वय जास्त भरलं, वजन सुमारे सात किलो कमी भरलं. तरी सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या मार्क १ या संगणकावर त्यांची नेमणूक झाली.

हे यंत्र ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच होतं. सेकंदाला तीन बेरजा करायचं. सूचना कागदी पट्टीवर छिद्रं पाडून द्यायच्या. यंत्र एकेक सूचना वाचायचं आणि तेवढी करायचं. प्रोग्राम यंत्राच्या स्मृतीत जातच नसे. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करायची असेल तर पट्टीची दोन टोकं चिकटवून तिचं कडं करत.

इथेच हॉपरबाईंना एक गोष्ट खटकू लागली. एखादं गणित सोडवणारा सूचनांचा तुकडा एकदा बरोबर चालला की सगळे तो वहीत उतरवून ठेवत आणि गरज पडली की एकमेकांच्या वहीतून नकलून घेत. नकलताना एखादं अक्षर चुकायचं, एखादा आकडा चुकायचा. मग चूक शोधण्यात दिवस जायचा.

पत्त्यांची बेरीज

१९४९ मध्ये त्या एकर्ट-मॉक्ली या कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक हा संगणक तयार होत होता. यात प्रोग्राम स्मृतीत भरावा लागे आणि त्या स्मृतीत १००० घरं होती. आता नकलण्याच्या जोडीला नवी डोकेदुखी आली.

समजा, एक तुकडा घर क्रमांक ० पासून सुरू होईल असं धरून लिहिलाय. त्यात एक सूचना आहे, "घर ७ वर जा". आता हा तुकडा माझ्या प्रोग्राममध्ये २०० व्या घरापासून बसवायचा आहे. मग ती सूचना "घर २०७ वर जा" अशी बदलली पाहिजे. प्रत्येक ओळीत, प्रत्येक पत्त्यात २०० मिळवायचे. एक जरी बेरीज चुकली तरी प्रोग्राम भलतीकडे जाणार.

हॉपरबाईंनी सरळ विचार केला. माणसं नकलताना चुकतात, बेरजा करताना चुकतात, आणि समोर तर या दोन्ही गोष्टींत पटाईत असलेलं यंत्र उभं आहे! मग हे काम त्यालाच का देऊ नये? त्यांनी तपासलेले तुकडे चुंबकीय टेपवर ठेवले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. प्रोग्रामरनं फक्त क्रमांकांची यादी द्यायची. यंत्र टेपवरून तुकडे शोधणार, एकापुढे एक मांडणार, पत्ते दुरुस्त करणार आणि अखंड प्रोग्राम तयार करणार. हा 'ए-झिरो'. १९५२ मध्ये त्यांनी यावर निबंधही सादर केला. त्या याला कंपायलर म्हणत. आजच्या भाषेत त्याचं काम लिंकर आणि लोडरच्या जवळचं होतं.

लोकांचा विश्वास बसेना. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम कसा बनवेल, असंच बहुतेकांना वाटे. चालतं यंत्र समोर असूनही ते वापरायला लोकांना वेळ लागला.

आज काय होतं?

आज हे काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात (लष्करातला कर्नल नव्हे बरं का!). लिनक्सचं उदाहरण घेऊ.

१. फाईल चालवायची परवानगी आहे का, हे कर्नल बघतो.
२. फाईलचे पहिले काही बाईट वाचून ती कोणत्या जातीची आहे ते ओळखतो. लिनक्समधल्या नेहमीच्या प्रोग्राम फाईलच्या सुरुवातीला एक ठरावीक बाईट आणि पुढे ई, एल, एफ ही अक्षरं असतात. विंडोजमध्ये एम आणि झेड असतात.
३. फाईलच्या सुरुवातीच्या तक्त्यातून कोणता भाग स्मृतीत कुठे बसवायचा ते कळतं. सूचनांचा भाग सहसा फक्त वाचण्यापुरता, तर बदलत्या माहितीचा भाग लिहिण्याजोगा ठेवला जातो.
४. इतर प्रोग्रामबरोबर सामाईक असलेले तुकडे लागत असतील, तर लोडर नावाचा मदतनीस ते आणतो आणि पत्ते जुळवतो.
५. शेवटी प्रोग्रामच्या पहिल्या सूचनेकडे ताबा दिला जातो.

चौथी पायरी पुन्हा वाचा. तुकडे आणायचे, पत्ते जुळवायचे. ही तर हॉपरबाईंच्या वहीतलीच अडचण!

पुढचं आयुष्य

इंग्रजी शब्दांत सूचना देता येतील अशी 'फ्लो-मॅटिक' ही भाषा त्यांच्या गटानं तयार केली. १९५९ मध्ये एका समितीनं 'कोबोल' भाषेचं काम सुरू केलं, तेव्हा फ्लो-मॅटिकचा तिच्यावर मोठा प्रभाव पडला. कोबोल एकट्या हॉपरबाईंनी लिहिली असं म्हणणं मात्र बरोबर नाही.

तसंच दुसरं. 'बग' हा शब्द त्यांनी शोधला, असं अनेक पाठांत असतं. १९४७ मध्ये मार्क २ यंत्रात एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला, हे खरं. पण तो त्यांनी स्वतः पकडला नव्हता आणि बिघाडाला बग म्हणणं एडिसनच्या काळापासून चालू होतं. हॉपरबाई हा किस्सा रंगवून सांगत, म्हणून तो त्यांच्या नावावर राहिला.

१९६६ मध्ये त्या नौदलातून निवृत्त झाल्या. पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावलं आणि ते सहा महिने जवळपास १९ वर्षं चालले! १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या. व्याख्यानांत त्या सुमारे ३० सेंटिमीटर तारेचे तुकडे वाटायच्या. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते, हे हातात धरून कळावं म्हणून. शिक्षिका शेवटपर्यंत शिक्षिकाच राहिली. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम देण्यात आलं.

वर्गात करून बघा

फळ्यावर १ ते ३० घरं काढा. ० पासून मोजलेल्या पाच सूचनांची चिठ्ठी मुलांना द्या. एकीत "३ वर जा" असं असू द्या. एका गटाला ती १० पासून बसवायला सांगा, दुसऱ्याला २२ पासून. कोणीतरी पत्ता बदलायला विसरेलच. त्याला रागवू नका. तीच चूक वारंवार बघून एका बाईंनी ते काम यंत्राकडे दिलं, हे सांगायची तीच योग्य वेळ.