जेआरडी टाटा, एअर इंडियाचा महाराजा आणि बुलडाण्यावरून जाणारं रात्रीचं टपाल विमान

रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर एखादं फ्लाइट ट्रॅकर ॲप उघडा आणि नकाशा बुलडाणा जिल्ह्यावर आणा. थोडी वाट बघितली की एखादं छोटंसं विमानाचं चिन्ह सरकताना दिसेल. आजची विमानं आपली जागा, उंची आणि वेग रेडिओवरून सतत सांगत असतात. जमिनीवरचे छोटे रिसीव्हर ते पकडतात आणि ॲप आपल्याला दाखवतं. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात.

आता नकाशावर मुंबई ते नागपूर एक सरळ रेघ मारा. ती आपल्याच जिल्ह्यावरून, चिखली-मेहकरच्या पट्ट्यातून जाते. समृद्धी महामार्गानेही साधारण तीच दिशा धरली आहे. या रेघेवरून १९४९ पासून रोज रात्री टपालाचं विमान जायचं. आणि गंमत म्हणजे भारतात हवाई टपालाची कंपनी उभी करणारा माणूसच या रात्रीच्या विमानाच्या विरोधात होता. ते म्हणजे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, आपले जेआरडी.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्देलो या गावी जायचं. तिथे त्यांचे शेजारी कोण, तर १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरियो! त्या वाळूवर उतरणारी विमानं बघून पोराच्या डोक्यात जे शिरलं ते शेवटपर्यंत निघालं नाही. पंधराव्या वर्षी पहिली हवाई सैर झाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला, त्यावर क्रमांक होता १.

१९३० मध्ये आगाखानांनी इंग्लंड-भारत अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस लावलं. जेआरडी कराचीहून निघाले, तर १७ वर्षांचा अस्पी इंजिनिअर समोरून इंग्लंडहून येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीचं विमान स्पार्क प्लगसाठी अडलं होतं. आता स्पार्क प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा बोटाएवढा भाग. जुन्या मोटारसायकलवाल्यांना वेगळं सांगायला नको, तो गेला की गाडी ढकलायची. पण विमान ढकलणार कुठे? जेआरडींनी आपल्याजवळचे जादाचे प्लग देऊन टाकले. अस्पी काही तास आधी पोचला आणि बक्षीस घेऊन गेला. हाच अस्पी पुढे भारताचा हवाई दल प्रमुख झाला.

नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाच्या साथीने जेआरडींनी हवाई टपालाची सेवा उभी केली. १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी ते कराचीहून एकटे निघाले. विमान पस मॉथ. एकच इंजिन, सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड, आणि रेडिओ नाही. खाली दिसणारी नदी, किनारा, रेल्वेचे रूळ हाच नकाशा. अहमदाबादला उतरले तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत ते जुहूला पोचले आणि तिथून पुढे मद्रासपर्यंत टपाल व्हिन्सेंटने नेलं.

जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्राकाठचं मैदान. पावसाळ्यात तिथे चिखल-पाणी व्हायचं, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवायचा. जुने दिवस छान होते असं म्हणताना हा चिखल कुणी आठवत नाही!

पुढचा प्रवास भरभर झाला. १९३८ मध्ये टाटा एअरलाइन्स, १९४६ मध्ये एअर इंडिया. ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन विमान कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, ३५ प्रवासी घेऊन. मध्ये दोनदा का थांबायचं? पंखे फिरवणाऱ्या चार पिस्टन इंजिनांना इतकं इंधन लागायचं की एका दमात लंडन गाठणं शक्यच नव्हतं. पण केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला असल्यामुळे विमान उंचावरून, बऱ्याचशा वादळांच्या वरून उडू शकायचं. चैनीच्या प्रवासाची खरी सुरुवात तिथून झाली. गचके बसत असतील तर कप-बशी मांडणार कशी?

आता येऊ आपल्या रेघेवर. त्या वेळी केंद्रात दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवई. त्यांची कल्पना अशी: मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघावं, चारही मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला भेटावीत, थैल्यांची अदलाबदल व्हावी आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या घरी परतावीत. १९४९ च्या जानेवारीत हे सुरूही झालं. त्याच वर्षी देशातली पत्रं जादा हवाई आकार न घेता विमानाने जाऊ लागली. आजच्या भाषेत हे झालं हब अँड स्पोक, म्हणजे सायकलच्या चाकासारखी रचना. मध्ये तुंबा, बाहेर आरे. अमेरिकेत फेडेक्सने मेम्फिसला हेच १९७३ मध्ये केलं आणि जगभर नाव कमावलं. आपल्या नागपूरने ते २४ वर्षं आधी करून दाखवलं होतं, पण हे आपणच विसरलो.

जेआरडींना ही योजना पटली नाही आणि त्यांनी ते उघडपणे मांडलं. एक तर हिशोब जमत नव्हता. युद्धानंतर स्वस्तात मिळालेली डाकोटा विमानं घेऊन ढीगभर कंपन्या निघाल्या होत्या आणि बहुतेक तोट्यात होत्या. दुसरं म्हणजे सुरक्षितता. रात्री उतरायला धावपट्टीवर दिवे हवेत, दिशा सांगणारी रेडिओ यंत्रणा हवी, हवामानाची खबर हवी. हे सगळं नीट नसताना रोज रात्री उडायचं म्हणजे वैमानिकांच्या जिवाशी खेळ, असं त्यांचं म्हणणं. मंत्र्यांशी वाजलं आणि काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं. १९५३ च्या डिसेंबरात नागपूरहून उडालेलं असंच एक रात्रीचं डाकोटा कोसळलं आणि माणसं गेली.

पण ही सेवा वर्षानुवर्षं चालली आणि लोकांच्या कामाची ठरली. मला वाटतं, सुरक्षिततेबद्दल जेआरडी बरोबर होते आणि गरजेबद्दल किडवई. मलकापूर किंवा शेगाव स्टेशनला टपाल रेल्वेनेच उतरायचं, पण मद्रास किंवा कलकत्त्याहून निघालेल्या पत्राचा लांबचा टप्पा एका रात्रीत उरकायचा. आपल्याकडच्या साध्या माणसाच्या वाट्याला विमानयुग आलं ते एवढंच, आणि तेही पंधरा पैशांच्या आसपासच्या पाकिटातून.

१९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. जेआरडींना ते आवडलं नव्हतं, तरी एअर इंडियाचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं, तेही बिनपगारी. लोक ज्या दिवसांची आठवण काढतात ते हे दिवस. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये घडवलेला मिशीवाला महाराजा जगभर झुकून नमस्कार करत होता. प्रवाशांना भेट म्हणून पत्त्यांचे कॅट मिळायचे. १९६७ मध्ये साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध चित्रकाराकडून राखदाणी करवून घेतली, आणि त्याने मोबदला काय मागितला तर हत्तीचं पिल्लू! तेही पाठवलं. हो, राखदाणी, कारण तेव्हा विमानात लोक बिनधास्त सिगारेट ओढायचे. १९७१ मध्ये जंबो जेट आलं तेव्हा खिडक्यांभोवती राजवाड्यासारखे झरोके रंगवले होते आणि वरच्या मजल्यावर बसायला दिवाणखाना होता.

हे सगळं आपोआप चालत नव्हतं. जेआरडी स्वतः प्रवास करताना वही घेऊन बसायचे. चहाचा रंग कॉफीसारखा का, खुर्ची मागे नीट का रेलत नाही, पडदे मळके का, असं सगळं टिपून अधिकाऱ्यांना पाठवायचे. काउंटरवर धूळ दिसली तर स्वतः पुसायचे. वेळेचा हट्ट तर असा, की जिनिव्हात लोक एअर इंडियाचं विमान बघून घड्याळ लावतात, असा किस्सा सांगितला जायचा.

१ जानेवारी १९७८ ला एम्परर अशोक हे जंबो वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. महिन्याभरात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून काढलं. सरकारने सांगण्याआधी ही बातमी त्यांना मिळाली ती त्यांच्या जागी नेमलेल्या माणसाकडून. पंचवीस वर्षं फुकट राबलेल्या माणसाला असं वागवायला नको होतं. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, पण अध्यक्षपद पुन्हा मिळालं नाही.

आज मुंबईचं तिकीट मोबाईलवर दोन मिनिटांत निघतं, पाण्याची बाटली मात्र कधीकधी विकत घ्यावी लागते. जुने लोक हळहळतात ते ठीक आहे. पण दालीच्या राखदाणीत राख झटकणाऱ्यांत आपल्या चिखली-खामगावचे किती असणार?

१५ ऑक्टोबर १९८२ ला, ७८ व्या वर्षी, जेआरडी पुन्हा कराचीला गेले. जुनं लेपर्ड मॉथ विमान होतं, एकच इंजिन. पन्नास वर्षांपूर्वीसारखे ते एकटेच त्यात बसले आणि अहमदाबादमार्गे जुहूला येऊन उतरले.