इल्देफॉन्स सेर्दा

इल्देफॉन्स सेर्दा इ सुन्येर (डिसेंबर २३, इ.स. १८१५ – ऑगस्ट २१, इ.स. १८७६) हे स्पेनमधील कातालोनियाचे स्थापत्य अभियंता, नगररचनाकार व राजकारणी होते. बार्सिलोना शहराच्या एशाम्प्ला या विस्तारित भागाचा आराखडा त्यांनी तयार केला. नगररचनेला स्वतंत्र शास्त्राचे रूप देणाऱ्या आद्य विचारवंतांत त्यांची गणना होते. शहरीकरण या अर्थाचा स्पॅनिश शब्द त्यांनीच घडवला आणि पुढे तो युरोपातील अनेक भाषांत रूढ झाला.

== जन्म व शिक्षण ==
सेर्दा यांचा जन्म बार्सिलोनाच्या उत्तरेकडील सेंतेल्येस या गावी एका जमीनदार कुटुंबात झाला. प्रारंभी बार्सिलोना येथे गणित व वास्तुकलेचे शिक्षण घेऊन ते माद्रिदच्या अभियांत्रिकी विद्यालयात गेले. इ.स. १८४१ मध्ये पदवी मिळवून ते शासनाच्या रस्तेबांधणी सेवेत दाखल झाले. नोकरीच्या काळात दक्षिण फ्रान्समध्ये त्यांनी आगगाडी पाहिली. वाफेच्या शक्तीमुळे माणसांची व मालाची वाहतूक पार बदलणार आणि जुन्या अरुंद गल्ल्यांची शहरे त्या वेगाला अपुरी पडणार, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिला.

थोरल्या भावांच्या निधनामुळे इ.स. १८४८ मध्ये घराण्याची संपत्ती त्यांच्याकडे आली. पुढील वर्षी त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला व उर्वरित आयुष्य आणि बहुतेक संपत्ती नगररचनेच्या अभ्यासाला वाहिली.

== तटबंदीतील बार्सिलोना ==
त्या काळी बार्सिलोना तटबंदीने वेढलेले होते. तटाबाहेर तोफेच्या माऱ्याच्या टप्प्यात बांधकाम करण्यास लष्कराची मनाई होती. गिरण्या वाढल्या, मजूर आले, पण शहराला पसरायला जागा नव्हती. त्यामुळे मजल्यांवर मजले चढले आणि गल्ल्यांत सूर्यप्रकाश पोहोचेनासा झाला. पटकीसारख्या साथींनी असंख्य बळी घेतले. तटापासून काही अंतरावर ग्रासिया, सांत्स, सांत मार्ती ही गावे स्वतंत्रपणे वाढत होती. प्रत्येक गावाचे रस्ते आपापल्या सोयीने आखलेले होते. इ.स. १८२७ मध्ये खुला झालेला पासेच द ग्रासिया हा शहराला ग्रासियाशी जोडणारा प्रशस्त मार्ग होता. मधले मैदान मात्र शेतीचे व मोकळे होते.

इ.स. १८५४ मध्ये तट पाडण्यास परवानगी मिळाली. पुढील वर्षी सेर्दा यांनी या मैदानाचा तपशीलवार नकाशा तयार केला. त्याच सुमारास त्यांनी कामगारवर्गाची सांख्यिकी पाहणी केली. कामगारांची मिळकत, घरभाडे, अन्नखर्च, घरातील हवा व मृत्युमान यांची नोंद त्यांनी केली. दाट वस्तीतील गरिबांचे आयुर्मान श्रीमंतांपेक्षा बरेच कमी असल्याचे या आकड्यांतून दिसले. त्यांचा आराखडा उभा राहिला तो याच पाहणीच्या पायावर.

== विस्ताराचा आराखडा ==
सेर्दा यांनी संपूर्ण मैदानावर काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे एकसारखे जाळे आखले. सुमारे ११३ मीटर बाजूचे चौरस खंड व त्यांच्यामध्ये २० मीटर रुंदीचे रस्ते अशी त्याची सर्वसाधारण रचना होती. दोन चौकांमधील अंतर सुमारे १३३ मीटर असल्याने सलग जाळ्याच्या एका चौरस किलोमीटरमध्ये साधारण ५६ चौक येतात. त्यामुळे कोणत्याही ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यास अनेक पर्यायी मार्ग मिळतात आणि एक रस्ता अडला तरी वाहतूक खोळंबत नाही. खंडांचे कोपरे तिरके छाटल्यामुळे वाहनांना वळण्यास जागा मिळाली व समोरून येणारे वाहन दिसू लागले. पुढेमागे रस्त्यांवरून वाफेची वाहने धावतील, हेही त्यांनी येथे गृहीत धरले होते. खंडांचे कोपरे मुख्य दिशांना ठेवल्याने घराच्या प्रत्येक बाजूस ऊन मिळण्याची सोय झाली.

मूळ योजनेत बहुतेक खंडांच्या दोनच बाजूंवर इमारती असून उरलेल्या जागेत बाग होती. शाळा, बाजार व रुग्णालये प्रत्येक विभागात सारख्या प्रमाणात वाटलेली होती. दियागोनाल, मेरिदियाना व ग्रान व्हिया हे मोठे मार्ग जाळ्याला छेदून आजूबाजूच्या गावांना व प्रदेशाला शहराशी जोडत होते. शहर वाढल्यावर रस्ते शोधण्याऐवजी रस्ते आधी आखून वाढीला त्यांवर बसवावे, हे या योजनेचे सूत्र होते.

== विरोध ==
इ.स. १८५९ मध्ये बार्सिलोना नगरपालिकेने स्वतंत्र स्पर्धा घेतली. तीत वास्तुविशारद अंतोनी रोविरा इ त्रियास यांचा आराखडा पहिला आला. जुने शहर केंद्रस्थानी ठेवून पंख्यासारखे पसरणारे रस्ते त्यात होते. माद्रिदच्या केंद्र सरकारने मात्र सेर्दा यांचा आराखडा मान्य केला व इ.स. १८६० मध्ये त्यावर अंतिम शिक्कामोर्तब केले. त्यामुळे हा आराखडा आपल्यावर लादला गेला, अशी भावना शहरात निर्माण झाली. वास्तुविशारदांना अभियंत्याचा हस्तक्षेप रुचला नाही. जमीनमालकांना बागांसाठी सोडलेली जागा वाया गेल्यासारखी वाटली. रस्त्यांसाठी लागणारी जमीन सर्व मालकांनी प्रमाणात द्यावी व वाकड्यातिकड्या शेतांच्या बदल्यात बांधकामायोग्य भूखंड घ्यावेत, असा तोडगा सेर्दा यांनी सुचवला. बांधकाम सुरू झाले, पण नियम हळूहळू सैल झाले. खंडांच्या चारही बाजू इमारतींनी भरल्या, उंची वाढली आणि बहुतेक बागा नाहीशा झाल्या.

== ग्रंथलेखन व उत्तरायुष्य ==
इ.स. १८६७ मध्ये सेर्दा यांचा शहरीकरणाच्या सर्वसाधारण सिद्धांतावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. घर व रस्ता, विसावा व हालचाल या दोन गरजांचा मेळ म्हणजे शहर, असे त्याचे मुख्य प्रतिपादन आहे. ग्रामीण जीवनातील मोकळेपणा शहरात आणावा व शहरी सोयी खेड्यात न्याव्यात, हे त्यांचे ध्येय होते.

ते स्पेनच्या संसदेचे सदस्य होते. पहिल्या प्रजासत्ताकाच्या काळात त्यांनी बार्सिलोनाच्या प्रांतिक मंडळातही काम केले. त्यांची कन्या क्लोतिल्दे ही एस्मेराल्दा सर्व्हांतेस या नावाने वीणासदृश हार्प या वाद्याची वादक म्हणून प्रसिद्धी पावली. आराखड्यावरील श्रमाचा पुरेसा मोबदला सेर्दा यांना मिळाला नाही व वडिलोपार्जित संपत्ती खर्चून गेली. इ.स. १८७६ मध्ये कांताब्रियातील काल्दास दे बेसाया येथे हलाखीच्या स्थितीत त्यांचे निधन झाले.

== मृत्यूनंतर ==
इ.स. १८९७ मध्ये ग्रासिया, सांत्स, सांत मार्ती इत्यादी गावे बार्सिलोनात विलीन झाली. त्यांचे जुने गल्लीबोळ तसेच राहिले, मात्र मधल्या जाळ्याने त्यांना एकमेकांशी जोडले. अंतोनी गौदी यांचे सग्रादा फमिलिया हे चर्च या जाळ्यातील एका खंडावर उभे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्ती जाळ्याबाहेर, कोल्सेरोला डोंगरापलीकडेही पसरली. तेथे सुट्या घरांच्या अनेक वसाहती झाल्या. त्यांतील बरेच रस्ते आतच संपणारे असल्याने जवळच्या ठिकाणी जाण्यासही मोटारीने मोठा वळसा घ्यावा लागतो. अशा वसाहतींना स्पॅनिशमध्ये आज सेर्दा यांनीच घडवलेल्या शब्दाने ओळखले जाते. त्यांच्या जोडलेल्या शहराच्या कल्पनेशी मात्र या वसाहतींचा मेळ बसत नाही.

इ.स. २०१६ पासून बार्सिलोनाने ३ × ३ खंडांचे, म्हणजे सुमारे ४०० मीटर बाजूचे मोठे गट करून आतील रस्ते मुख्यतः पादचाऱ्यांसाठी राखण्यास प्रारंभ केला. मोटारी गटाबाहेरील रस्त्यांवरून वळवता आल्या, त्या पर्यायी मार्गांच्या उपलब्धतेमुळे. बागांसाठी सेर्दा यांनी राखलेली जागा शहराने गमावली होती. तिचा काही भाग रस्त्यांच्या रूपाने दीडशे वर्षांनंतर नागरिकांना परत मिळू लागला आहे.