फ्रेडरिक डग्लस

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मेरिलंड संस्थानात एका गुलाम स्त्रीच्या पोटी फ्रेडरिक जन्मास आला. त्याचा जन्मदिवस त्याला कोणीच सांगितला नाही. गोऱ्या मुलांना आपले वय ठाऊक असे. गुलामाच्या मुलाला ते विचारण्याचीही मुभा नसे. आई दूरच्या मळ्यावर राबे. दिवसाचे काम उरकल्यावर ती रात्री बारा मैल चालत येई, मुलाला कुशीत घेऊन निजवी आणि उजाडण्यापूर्वी परत जाई. अशा भेटी चार-पाचच घडल्या. मुलगा सात वर्षांचा असताना ती वारली.

पुढे मालकाने त्यास बाल्टिमोर शहरी ऑल्ड नावाच्या नातलगांकडे पाठविले. घरची बाई मायाळू होती. तिने त्याला मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. नवऱ्याने मात्र तिला बजावले, की वाचावयास शिकलेला गुलाम ताब्यात राहत नाही. हे बोलणे मुलाच्या कानी पडले. धन्याला ज्या गोष्टीचे एवढे भय, तीतच आपल्या सुटकेची वाट आहे, हे त्याने ओळखले. शिकवणी बंद पडली; शिकणे थांबले नाही. कामावर जाताना तो खिशात पाव ठेवी, आणि रस्त्यावरील गरीब गोऱ्या मुलांना तो देऊन त्यांच्याकडून वाचन शिके. स्वतंत्र असलेली ती मुले भुकेली होती, हेही विसरण्याजोगे नाही.

मूळ मालक वारल्यावर १८२७ साली वाटणीसाठी त्यास परत नेण्यात आले. म्हातारीकोतारी, मुलेबाळे, घोडे, मेंढ्या, डुकरे अशी सारी मालमत्ता एकत्र मांडून प्रत्येकाची किंमत ठरली. फ्रेडरिक मालकाच्या मुलीच्या वाट्यास आला. तिचा नवरा टॉमस ऑल्ड पुढे त्याचा मालक झाला.

सोळाव्या वर्षी त्यास कोवी नावाच्या शेतकऱ्याकडे एक वर्षासाठी देण्यात आले. गुलामांची हिंमत खचविण्यात कोवीचा लौकिक होता. सहा महिने चाबकाखाली गेले. वाचनाची आवडदेखील मनातून नाहीशी होऊ लागली. ऑगस्ट १८३४ मध्ये कोवी त्यास बांधावयास आला, तेव्हा मात्र फ्रेडरिकने त्याचा गळा धरला. सुमारे दोन तास झटापट चालली. त्यानंतर कोवीने पुन्हा त्याच्यावर चाबूक उगारला नाही.

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेश करून तो आगगाडीत चढला. खिशात एका स्वतंत्र खलाशाचे उसने ओळखपत्र होते. त्यातील वर्णन त्याच्याशी जुळत नव्हते. तपासनिसाने कागदावरील गरुडाची मुद्रा तेवढी पाहिली आणि तो पुढे गेला. चोवीस तासांच्या आत फ्रेडरिक न्यूयॉर्कला पोचला. ॲना मरे या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीने प्रवासास पैसे पुरविले होते. पुढे दोघांचा विवाह झाला, आणि त्यांनी डग्लस हे आडनाव घेतले.

१८४१ पासून डग्लस सभांतून गुलामगिरीविरुद्ध बोलू लागले. त्यांची वाणी ऐकून, हा मनुष्य कधी काळी गुलाम होता, यावर लोकांचा विश्वास बसेना. म्हणून १८४५ साली त्यांनी गावे व धनी यांच्या नावांसह आत्मचरित्र लिहिले. आता पकडले जाण्याची भीती होती; ते आयर्लंड व इंग्लंडला गेले. तेथील मित्रांनी १८४६ मध्ये सुमारे ७०० डॉलर भरून त्यांना मालकाकडून सोडविले. काही सहकाऱ्यांना हे रुचले नाही. पैसे मोजणे म्हणजे माणसाला वस्तू मानणे, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप खोटा नव्हता. पण त्या पैशांमुळेच डग्लस निर्भयपणे मायदेशी परतू शकले.

१८४७ मध्ये त्यांनी वृत्तपत्र काढले, त्याचे नाव ‘ध्रुवतारा’ या अर्थाचे ठेवले. पळून जाणारे गुलाम त्याच ताऱ्याच्या रोखाने उत्तरेकडे चालत. १८४८ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या मताधिकारास जाहीर पाठिंबा दिला. यादवी युद्धात, १८६३ मध्ये, कृष्णवर्णीय सैनिकांना समान वेतन मिळावे, म्हणून ते राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना भेटले. १८६५ साली अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली. या कार्याविषयीच्या आदराने महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेच्या जनतेस अर्पण केला.

१८७७ मध्ये डग्लस टॉमस ऑल्डला भेटावयास गेले. म्हातारा अंथरुणाला खिळला होता. त्याचे हात थरथरत होते. आपला जन्म कधी झाला, असे डग्लस यांनी त्याला विचारले. त्याने आठवून सांगितले, की १८१८ सालच्या फेब्रुवारीत.

२० फेब्रुवारी १८९५ रोजी वॉशिंग्टन येथील स्त्रियांच्या हक्कांची एक सभा आटोपून डग्लस घरी आले. त्याच संध्याकाळी त्यांचे निधन झाले.