नियमांचे पहारेकरी : दादासाहेब मावळंकर

गुजरातेत राहून मराठी घराण्याचे नाव साऱ्या भारतात उज्ज्वल करणाऱ्या पुरुषांत गणेश वासुदेव उर्फ दादासाहेब मावळंकर यांची गणना अग्रभागी करावी लागेल. ते स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले सभापती होते, हे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो. परंतु सभापतीच्या आसनावरून त्यांनी जे एक शांत, गाजावाजा न झालेले कार्य केले, त्याची माहिती फारच थोड्यांना असते.

मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे या गावचे. दादासाहेबांचा जन्म 27 नोव्हेंबर 1888 रोजी बडोद्यास झाला. 1902 साली ते शिक्षणासाठी अहमदाबादेस आले आणि तेथलेच झाले. गुजरात कॉलेजातून 1908 साली पदवी घेतल्यावर मुंबईस कायद्याचा अभ्यास करून त्यांनी 1913 मध्ये वकिलीस आरंभ केला. पुढे महात्मा गांधी व सरदार पटेल यांच्या सहवासात आल्यावर भरभराटीची वकिली सोडून ते असहकाराच्या चळवळीत पडले. त्यांना अनेकदा कारावास घडला. तुरुंगात भेटलेल्या कैद्यांच्या हकिगती त्यांनी गुजराती भाषेत मोठ्या सहृदयतेने लिहून ठेवल्या आहेत.

अहमदाबाद नगरपालिकेचे ते दीर्घकाळ सभासद व काही वर्षे अध्यक्ष होते. 1937 साली मुंबई विधानसभेचे आणि 1946 साली, अवघ्या तीन मतांच्या आधिक्याने, दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. 15 मे 1952 रोजी ते लोकसभेचे सभापती निवडले गेले.

आता त्या कार्याकडे वळू. लोकप्रतिनिधी कायदा करतात, तो सामान्यतः मोठ्या रेषांत असतो. त्यातील बारकावे भरण्याचे काम तो शासनाकडे सोपवितो. आपल्या उधन्यासारख्या गिरण्या-कारखान्यांच्या वस्तीत याचे उदाहरण शोधण्यास लांब जावयास नको. 1948 च्या कारखानेविषयक कायद्याने ज्या कारखान्यांत अडीचशेहून अधिक कामगार आहेत, त्यांपैकी ठरविलेल्या कारखान्यांत उपाहारगृह असावे, असा नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला. पण ते उपाहारगृह कोणत्या तारखेपासून असावे, त्याची इमारत कशी असावी, तेथे कोणते पदार्थ मिळावेत व त्यांचे दर काय असावेत, हे सारे नियमांवर सोपविले. कामगाराच्या ताटात काय पडेल, हे अशा रीतीने कायद्यापेक्षा नियमावरच अधिक अवलंबून राहिले.

अशी सोपवणूक अपरिहार्य असते. प्रत्येक यंत्राची आणि प्रत्येक औषधाची चर्चा करीत बसण्यास संसदेला वेळ कोठून मिळणार? परंतु तीत एक धोकाही असतो. कायदा करणाऱ्यास लोकांपुढे मत मागावयास जावे लागते, नियम लिहिणाऱ्या अधिकाऱ्यास मात्र जावे लागत नाही. त्याने कायद्याची मर्यादा ओलांडली, तर त्याला जाब कोणी विचारावा? इंग्लंडातही हा प्रश्न उभा राहिला होता, आणि 1944 साली तेथील पार्लमेंटाने असे नियम तपासण्यासाठी एक समिती नेमली होती. आपल्याकडे 1950 साली कायदेमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तशाच समितीची सूचना संसदेत केली. डिसेंबर 1953 मध्ये मावळंकरांच्या कारकिर्दीत ‘अधीनस्थ विधान समिती’ प्रत्यक्षात आली. मूळ कायद्याच्या आधाराने शासन जे नियम व आदेश काढते, त्यांस अधीनस्थ विधान म्हणतात.

या समितीची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. तिचे सभासद अधिकांत अधिक पंधरा असतात व त्यांची नेमणूक सभापती करतात. मंत्र्याला तीत स्थान नाही. ज्याचे काम तपासावयाचे, त्यानेच तपासनीस व्हावयाचे नाही, हा त्यातील हेतू. नियम मूळ कायद्याच्या उद्देशाशी जुळतो का, त्यातून आडमार्गाने कर तर लादला जात नाही ना, न्यायालयाचे दार बंद होत नाही ना, तो मागील तारखेपासून लागू केला आहे का, तो सभागृहापुढे ठेवण्यास अकारण विलंब झाला का, असे प्रश्न समिती विचारते आणि आपला अहवाल सभागृहास सादर करते. नियम रद्द करण्याची सत्ता स्वतः समितीच्या हाती नाही. पण उणीव उजेडात येते आणि शासनाला उत्तर द्यावे लागते.

मावळंकर स्वतः सत्तारूढ पक्षातून निवडून आले होते, तरी आपल्याच पक्षाच्या शासनाला अडविण्यास ते कचरले नाहीत. संसदेला बाजूला ठेवून वारंवार वटहुकूम काढण्याची प्रथा लोकशाहीस मारक आहे, असे त्यांनी पंतप्रधान नेहरूंना 1950 साली आणि पुन्हा 1954 साली पत्र लिहून स्पष्ट कळविले.

जाब देण्याची पाळी एकदा त्यांच्यावरही आली. त्यांच्या कारभारावर असंतुष्ट असलेल्या विरोधी सभासदांनी डिसेंबर 1954 मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. त्या चर्चेच्या वेळी मावळंकर सभापतीच्या आसनावर नव्हते. उपसभापती अनंतशयनम् अय्यंगार यांनी काम चालविले. सभागृहाने ठराव फेटाळला. परंतु सभापतीलाही जाब विचारता येतो, ही गोष्ट त्या दिवशी देशाने पाहिली.

27 फेब्रुवारी 1956 रोजी अहमदाबादेस दादासाहेबांचे देहावसान झाले. त्यांच्या काळात सुरू झालेली समिती पुढेही टिकली. 1964 साली राज्यसभेनेही स्वतःची अशी समिती नेमली.

विद्यार्थिमित्रहो, पुष्कळ नियमांचे मसुदे अंमलात येण्यापूर्वी राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि त्यांवर लोकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. हा मजकूर रूक्ष असतो, म्हणून बहुतेकजण तो वाचीत नाहीत. परंतु न वाचलेल्या नियमाला जाब विचारता येत नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी कामगार होईल, कोणी कारखानदार, कोणी वकील, तर कोणी नियम लिहिणारा अधिकारीही होईल. पहिल्या तिघांनी नियम वाचण्याचे कष्ट घ्यावेत आणि चौथ्याने, आपण लिहिलेल्या प्रत्येक ओळीचे उत्तर लोकांना द्यावयाचे आहे, हे स्मरून लेखणी उचलावी. दादासाहेबांचे खरे स्मारक तेच होईल.