आलिशान गाडीला रेसचं इंजिन बसलं आणि तिला रूप देणाऱ्या माणसाचं नाव मात्र मागे पडलं

मसल कार म्हटलं की 'फास्ट अँड फ्युरिअस'मधली काळी डॉज चार्जर आठवते. थोडा इतिहास माहीत असणारे १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओचं नाव घेतात. पण त्याच्या ९ वर्षं आधीच अमेरिकेत एक गाडी आली होती. आत लेदरच्या सीट, बाहेर श्रीमंती थाट आणि बॉनेटखाली ३०० हॉर्सपॉवर. नाव, क्रायस्लर सी-३००.

या गाडीला रूप देणारा माणूस म्हणजे व्हर्जिल एक्सनर.

एक्सनरचा जन्म १९०९ चा, मिशिगनमधल्या अॅन आर्बरचा. एक्सनर दाम्पत्याने त्याला दत्तक घेतलं होतं. नोत्र दाम विद्यापीठात तो चित्रकला शिकायला गेला, पण पैशाअभावी शिक्षण अर्धवट सुटलं. मग जाहिरातींसाठी स्टुडबेकरच्या ट्रकची चित्रं काढायचं काम मिळालं. तिथून तो जनरल मोटर्समध्ये गेला आणि तिशीच्या आत पॉन्टिअॅकच्या डिझाइनचा प्रमुख झाला.

पुढे तो रेमंड लोवी या नावाजलेल्या डिझायनरकडे गेला. काम होतं स्टुडबेकरचं. पण दोघांचं बिनसलं आणि १९४४ मध्ये लोवीने त्याला काढून टाकलं. स्टुडबेकरने त्याला लगेच थेट आपल्याकडे घेतलं. महायुद्धानंतर आलेली त्यांची नवी गाडी गाजली, पण लोकांत नाव झालं ते लोवीचं.

१९४९ मध्ये एक्सनर क्रायस्लरमध्ये आला. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ज्या कंपनीच्या डॉज आणि प्लायमाउथ गाड्या जोडल्या जायच्या, तीच ही क्रायस्लर. तेव्हा तिच्या गाड्या मजबूत होत्या, पण दिसायला अगदीच साध्या. एक्सनरने त्या लांब, बुटक्या आणि ऐटदार केल्या.

मग १९५५ साल उजाडलं. इंजिनिअर बॉब रॉजरच्या मनात एक वेगवान गाडी होती, पण नव्या बॉडीसाठी पैसे नव्हते. मग जुळवाजुळव झाली. न्यू यॉर्करची बॉडी, विंडसरचे मागचे पत्रे आणि सगळ्यात महागड्या इम्पीरियलची पुढची जाळी. आत ३३१ क्युबिक इंचाचं हेमी व्ही-८ इंजिन आणि दोन कार्बोरेटर. रंग तीनच, लाल, पांढरा आणि काळा.

गंमत म्हणजे हीच आलिशान गाडी रेसच्या ट्रॅकवर उतरली. १९५५ मध्ये टिम फ्लॉकने नॅसकारचं विजेतेपद पटकावलं ते हिच्याच जोरावर. पण किंमत ४ हजार डॉलरच्या वर, त्यामुळे पहिल्या वर्षी जेमतेम १,७२५ गाड्या बनल्या. मसल कार नंतर नावारूपाला आली ती खिशाला परवडणारी तरुणांची गाडी म्हणून. ३०० तिथे बसत नव्हती. ती मागे पडण्याचं हे मोठं कारण.

१९५६ मध्ये एक्सनरला हृदयविकाराचा झटका आला. पुढच्याच वर्षी उंच टेलफिनच्या त्याच्या गाड्यांनी बाजार हलवला. त्यात ३७५ हॉर्सपॉवरची ३००सी होती. पण या गाड्या घाईत बाजारात आल्या होत्या. गंज आणि कच्च्या बांधणीच्या तक्रारी सुरू झाल्या.

शेवटचा घाव १९६२ च्या मॉडेल्सचा. शेवरोले गाड्या लहान करणार, अशी खबर क्रायस्लरच्या साहेबांना लागली. त्यांनी एक्सनरचा विरोध डावलून त्याची तयार डिझाइन्स आखूड करायला लावली. खबरीचा अर्थच चुकीचा काढला होता. डॉज आणि प्लायमाउथची विक्री आपटली आणि खापर फुटलं एक्सनरवर. त्याचं पद गेलं.

२२ डिसेंबर १९७३ रोजी, ६४ व्या वर्षी तो गेला.

२००४ मध्ये क्रायस्लरने ३०० हे नाव पुन्हा बाजारात आणलं, सोबत हेमी इंजिनही. ती गाडी २०२३ पर्यंत बनत होती. ती चालवणाऱ्या किती जणांना एक्सनर ठाऊक असेल?